होल्स्टची सावित्री

बालाघाटातील मराठी घरांत ज्येष्ठी पौर्णिमेस वडाला सूत गुंडाळणाऱ्या सुवासिनींना सावित्रीची कथा नव्याने सांगावी लागत नाही. तीच कथा १९०८ साली गुस्टाव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने स्वरबद्ध केली.

एकल कंठ आणि वाद्यवृंद यांचा मेळ इंग्लंडात तेव्हा नवा नव्हता. एल्गरची सागरगीते १८९९ साली नॉरिच येथे क्लारा बट हिने गाइली होती. तेथे गायिकेच्या मागे वाद्यांचा सागरच उसळतो. होल्स्टचा मार्ग निराळा. तो संस्कृत शिकला आणि ऋग्वेदातील सूक्तांची रूपांतरे त्याने स्वतः केली. पुढे रामटेकशी जोडल्या गेलेल्या मेघदूतालाही त्याने हात घातला. परंतु १९१३ साली लंडनमध्ये सादर झालेली ती भव्य रचना रसिकांना भावली नाही.

‘सावित्री’त भव्यता मुळीच नाही. तीन गायक, अवघे बारा वादक आणि पडद्याआडचा स्त्रीवृंद. आरंभी तर एकही वाद्य वाजत नाही. रंगमंचाबाहेरून मृत्यूचा खर्जातील स्वर येतो, मग सावित्रीचा.

महाभारतातील सावित्री शंभर पुत्रांचा वर मागून यमाला कोंडीत पकडते. होल्स्टची सावित्री स्वतःपुरते जीवन मागते. मृत्यू ते देतो, आणि सत्यवानावाचून ते जीवनच नव्हे, असे ती त्यास बजावते. शंभर पुत्र गाळलेले पुराणिकांना रुचणार नाहीत. नाट्य मात्र त्यामुळे धारदार झाले आहे. पहिला प्रयोग लंडनमध्ये ५ डिसेंबर १९१६ रोजी झाला, तेव्हा महायुद्धात रोज तरुण मरत होते.