सरोवरांच्या मुलखातला सायकलप्रवास

इंग्लंडच्या वायव्येला कम्ब्रिया परगण्यात पसरलेला लेक डिस्ट्रिक्ट हा सरोवरांचा आणि डोंगरांचा मुलूख आहे. हिमयुगात हिमनद्यांनी इथल्या दऱ्या खोल कोरल्या आणि त्यांच्या तळाशी पाणी साचून लांबट, निमुळती सरोवरे तयार झाली. विंडरमिअर हे त्यांतले सर्वांत मोठे. त्याची लांबी सुमारे १७ किलोमीटर आहे. इंग्लंडचे सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक (९७८ मीटर) याच भागात येते. इथल्या दऱ्या मध्यावरच्या डोंगरांपासून चहूकडे फाकत जातात. कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थने आपल्या प्रवासमार्गदर्शिकेत त्यांना चाकाच्या तुंब्यातून निघणाऱ्या आऱ्यांची उपमा दिली होती.

या भूरचनेनेच इथल्या सायकलप्रवासाला आकार दिला. सरोवराच्या काठाने जाणारा रस्ता बराचसा सपाट असतो, पण शेजारच्या दरीत उतरायचे तर मधली खिंड चढून जावी लागते. कर्कस्टोन ४५४ मीटर, हार्डनॉट ३९३ मीटर आणि हॉनिस्टर ३५६ मीटर अशी या खिंडींची उंची आहे. आकडे फार मोठे नाहीत, पण चढ अतिशय उभे आहेत. हार्डनॉटवर काही ठिकाणी तीन फुटांमागे एक फूट चढ लागतो.

सायकल येण्याआधीच हा मुलूख प्रवाशांना ओळखीचा झाला होता. टॉमस वेस्टची मार्गदर्शिका १७७८ मध्ये निघाली, तर वर्ड्‌स्वर्थच्या मार्गदर्शिकेचा मजकूर १८१० मध्ये प्रथम छापला गेला. विंडरमिअरपर्यंत रेल्वे आणण्याच्या योजनेला वर्ड्‌स्वर्थने १८४४ मध्ये कडाडून विरोध केला, तरी १८४७ मध्ये गाडी सुरू झाली. पुढे १८६५ मध्ये पेनरिथहून केझिकमार्गे कॉकरमथला जाणारा लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. त्यामुळे पहिले सायकलस्वार आले तेव्हा हॉटेले, सराया आणि घोडागाड्या यांची व्यवस्था तयार होती. उणीव होती ती चांगल्या रस्त्यांची. रेल्वेमुळे लांबची वाहतूक रस्त्यांवरून हटली होती आणि त्यांची देखभाल मागे पडली होती.

१८७० च्या दशकातल्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत यायचे आणि स्वार त्यावर उंच बसायचा. ब्रेक कमजोर असल्यामुळे चढापेक्षा उतार जास्त जिवावर बेतायचा. पुढचे चाक दगडाला अडले की स्वार डोक्यावरून पुढे फेकला जायचा. अनोळखी डोंगराळ भागात एकट्याने जाणे धोक्याचे होते. वाट, उतार, मुक्काम यांची खात्रीची माहिती आधी मिळणे ही तेव्हाच्या प्रवाशाची पहिली गरज होती.

ही गरज ओळखून स्टॅन्ली कॉटरेल या तरुणाच्या पुढाकाराने ऑगस्ट १८७८ मध्ये यॉर्कशरमधल्या हॅरोगेट इथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला. १८८३ मध्ये त्याचे नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झाले. क्लबने गावोगावी आपले प्रतिनिधी नेमले. येणाऱ्या सभासदाला रस्त्यांची माहिती देणे हे त्यांचे काम होते. हॉटेलांशी करार करून सभासदांसाठी दर ठरवून घेतले, अशा हॉटेलांच्या याद्या छापल्या आणि त्यांच्या दारावर क्लबच्या पंख असलेल्या चाकाची पाटी लागली. जीवघेण्या उतारांच्या माथ्यावर सायकलस्वारांना सावध करणारे फलक उभे केले. रस्त्यावर धोक्याची सूचना लावण्याची ही रीत मोटारी येण्याच्या आधीची आहे. १८८६ मध्ये या क्लबने सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या साथीने रस्ते सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापले. मोटारींना पुढे जे बरे रस्ते मिळाले, त्यांची मागणी आधी सायकलवाल्यांनी लावून धरली होती.

यंत्रातही याच काळात मोठा बदल झाला. जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये कोव्हेंट्रीत जवळपास सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पडण्याची भीती आणि बसणारे हादरे, दोन्ही कमी झाले. १८९९ मध्ये क्लबची सभासदसंख्या ६०,४४९ झाली. स्त्रियाही मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या. त्यांच्या सुटसुटीत पोशाखावरून १८९८ मध्ये सरे परगण्यातल्या एका हॉटेलने लेडी हार्बर्टन यांना नेहमीच्या दालनात प्रवेश नाकारला. क्लबने हॉटेलच्या मालकिणीवर खटला भरला. पुढच्या वर्षी तो हरला, पण वाटेतल्या मुक्कामावर स्त्रीचाही हक्क आहे हा प्रश्न देशभर गाजला.

सायकलीचे स्वागत सगळ्यांनीच केले नाही. कॉनिस्टन सरोवराकाठी ब्रँटवुडला राहणारे लेखक जॉन रस्किन यांनी १८८८ मध्ये तिच्यावर जळजळीत टीका केली. माणसाने चालावे, पळावे, नाचावे. या यंत्राने पायांची जागा घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. पण लँकेशरच्या गिरणगावांतल्या कामगार-कारकुनांना शनिवारची अर्धी सुट्टी मिळत होती आणि सायकलमुळे त्यांना ती डोंगरांत घालवता येऊ लागली. घोडागाडीचे भाडे न परवडणारा वर्ग अशा रीतीने या मुलखात आला.

नकाशांनी हा प्रवास आणखी सोपा केला. एडिंबरोच्या बार्थोलोम्यू कंपनीचे नकाशे उंचीप्रमाणे रंग बदलत असल्यामुळे चढ-उतार नजरेत भरायचे. त्यांच्या दुरुस्त्या क्लबचे सभासद प्रत्यक्ष फिरून कळवायचे. चाकाच्या तुंब्यातला तीन गिअरांचा संच १९०२ नंतर बाजारात आला आणि पायी ढकलत न्यावे लागणारे काही चढ सायकलवर बसून पार होऊ लागले.

दोन महायुद्धांमधला काळ हा या छंदाच्या भरभराटीचा होता. १९३० मध्ये यूथ हॉस्टेल संघटना स्थापन झाली. एका शिलिंगात रात्रीची सोय व्हायची. पायी किंवा सायकलने, स्वतःच्या बळावर येणाऱ्यांसाठीच ही हॉस्टेले होती. लेक डिस्ट्रिक्टमध्ये ती एका दिवसाच्या मजलीवर उभी राहिली आणि सरोवरांची आठवडाभराची फेरी सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आली. ‘वेफेअरर’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या डब्ल्यू. एम. रॉबिन्सनने १९१९ मध्ये वेल्समधले बर्विन डोंगर बर्फातून ओलांडल्याची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्यातून पक्का रस्ता सोडून डोंगरवाटा धरण्याची आवड वाढली. अशा लोकांनी १९५५ मध्ये ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही संघटना काढली. सरोवरांच्या मुलखातल्या गुरांच्या आणि घोड्यांच्या जुन्या वाटा त्यांना विशेष प्रिय होत्या.

खिंडीतले रस्तेही बदलत गेले. हार्डनॉटची वाट रोमन काळापासून वापरात आहे. रोमनांच्या किल्ल्याचे अवशेष तिच्या बाजूला आजही दिसतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे रणगाड्यांचा सराव झाला आणि रस्ता उखडला. युद्धानंतर दुरुस्ती होऊन त्यावर डांबर पडले. १९५१ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झाले. पण नंतर मोटारी स्वस्त झाल्या, अरुंद रस्ते गाड्यांनी भरले आणि सायकलप्रवासी कमी होत गेले. केझिकची रेल्वेही टप्प्याटप्प्याने बंद पडली आणि १९७२ मध्ये पेनरिथची शेवटची गाडी थांबली. याच काळात १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवर सायकल नेण्याचा हक्क मिळाला, ही एक मोठी जमेची बाजू ठरली.

पुनरुज्जीवनाचा आरंभ १९९४ मध्ये झाला. सस्ट्रान्स या धर्मादाय संस्थेने आयरिश समुद्रापासून उत्तर समुद्रापर्यंतचा ‘सी टू सी’ हा सुमारे २२५ किलोमीटरचा सायकलमार्ग आखला. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून व्हाइटहेवन किंवा वर्किंग्टनहून निघून पूर्वेला जाण्याची पद्धत पडली. केझिक ते थ्रेल्केल्ड हा बंद पडलेल्या रेल्वेचा तुकडा या मार्गाचा भाग झाला. डिसेंबर २०१५ च्या पुरात त्यावरचे पूल वाहून गेले. दुरुस्तीनंतर २०२० च्या अखेरीस तो पुन्हा खुला झाला. फ्रेड व्हिटन या स्थानिक सायकलपटूच्या स्मरणार्थ १९९९ पासून सुरू झालेली सुमारे १८० किलोमीटरची फेरी प्रमुख खिंडी एका दिवसात ओलांडते. २०१७ मध्ये युनेस्कोने हा मुलूख जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

दीड शतकाच्या या इतिहासात सायकल बदलली, रस्ते बदलले, प्रवाशांचा वर्गही बदलला. मात्र प्रत्येक टप्प्यावर हा प्रवास सामान्यांच्या हाती आला तो सायकलस्वारांनी एकत्र येऊन केलेल्या कामामुळे. धोक्याचे फलक, ठरलेल्या दराचा मुक्काम, तपासलेले नकाशे, स्वस्त हॉस्टेले आणि जुन्या लोहमार्गावरची सुरक्षित वाट या सगळ्या गोष्टी कुणीतरी मागून, भांडून आणि राबून उभ्या केल्या आहेत.