झाकली मूठ

पुण्यात अनोळखी माणसाला वय, गाव, गुडघेदुखी आणि घरभाडे या गोष्टी पहिल्या भेटीतच विचारता येतात. पगार मात्र दुसऱ्या भेटीत विचारतात. यालाच आपण सभ्यता म्हणतो.

आम्हां बँकवाल्यांना ही अडचण नाही. १९६६ साली पहिला द्विपक्षीय करार झाला, तेव्हापासून क्लार्कची वेतनश्रेणी छापील. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी महागाई भत्त्यासकट माझा पगार मांडून ठेवलेला होता; फक्त मी यायचा बाकी होतो! गंमत पाहा, लोकांच्या खात्यातली शिल्लक आम्ही प्राणपणाने गुप्त ठेवायची आणि आमची मिळकत तेवढी जगजाहीर.

पण या बाबतीत पुण्याने खरा विक्रम केला तो फार पूर्वी. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदाने वीस वर्षे शिकवायचे आणि महिना ७५ रुपये घ्यायचे. टिळक असोत, आगरकर असोत, नाहीतर मागून आलेले गोखले असोत, आकडा तोच. शेजारच्याला किती मिळतात हे कळायला आपलाच खिसा चाचपला की पुरे!

एवढे उघड असूनही भांडण झालेच. (पुणे आहे हो!) पंचाहत्तरात ओढाताण होई. मग पगार वाढवावा का, बाहेरची कामे करून चार पैसे मिळवावेत का, यावर वाद पेटला. सभासदाने आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा आणि बाहेरची कमाईही तिच्याच तिजोरीत टाकावी, हे टिळकांचे म्हणणे. इतरांना ते जाचक वाटले. अखेर १८९० साली टिळकांनी लांबलचक पत्र लिहून राजीनामा दिला. पण भांडण झाले ते तत्त्वावरून. 'त्याला नव्वद कसे?' असे कुणी म्हणाले नाही. तशी सोयच नव्हती.

आता हिंजवडीला चला. आमच्या सोसायटीतला एक मुलगा आपले नेमणूकपत्र आईलासुद्धा दाखवीत नाही. पगाराबद्दल सहकाऱ्यांशी अवाक्षर काढू नये, असे त्यात कलमच आहे म्हणे. त्याच्या शेजारी बसणारी मुलगी अगदी तेच काम करते. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली आला. पण शेजारच्याला किती मिळते हेच ठाऊक नसेल, तर त्या बिचारीने समान मागायचे ते कशाच्या समान?

सरकारी नोकरांचा पगार २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार जाहीर करावा लागतो. त्यामुळे एखादी कचेरी कोसळल्याचे ऐकिवात नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वाडवडील सांगून गेले. मूठ नोकराची, हे कबूल. सव्वा लाख कुणाचे वाचतात, एवढेच पाहायचे.