नाणेघाटातली राणी आणि वाटेवरच्या बाया

मागच्या वेळी आपण भिवंडीच्या मागांबद्दल बोललो. आज माल जायचा त्या वाटेबद्दल बोलू. कापड विणलं, मीठ पिकवलं, मासळी सुकवली, तरी ते विकायला डोंगर चढावाच लागायचा. कोकण आणि देश यांच्या मध्ये सह्याद्री भिंतीसारखा उभा आहे. त्या भिंतीत जिथे जिथे फट सापडली तिथे घाट झाला. आपल्या भिवंडीहून निघालं की नाशिककडे थळघाट, म्हणजे कसारा घाट. कल्याण-मुरबाडच्या वाटेने गेलं की माळशेज, आणि त्याच्या शेजारी सगळ्यात जुना नाणेघाट.

नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी वाहता होता. जुन्नर तेव्हा सातवाहन राजांचं मोठं ठाणं, आणि कल्याण समुद्रावरचं बंदर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात कल्याणचं नाव आहे. परदेशी जहाजांचा माल खाडीत उतरायचा आणि बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर घाट चढून जुन्नर, पैठण, तेरपर्यंत जायचा. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या आणि धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणी आहेत. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. या श्रेणींकडे लोक ठेव ठेवायचे आणि तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालायचं. आपल्या गटाची पेटी आठवली ना?

घाटाच्या माथ्याजवळ खडकात कोरलेली एक मोठी गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो राणी नागनिकेचा मानतात. ती महारठी घराण्यातली लेक आणि सातकर्णी राजाची राणी. राजा गेला, मुलगे लहान होते, आणि कारभार तिने पाहिला असं समजलं जातं. लेखात तिचं वर्णन आहे: महिनाभराचे उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी. इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. राज्य सांभाळणाऱ्या बाईलासुद्धा आपण व्रतस्थ विधवा आहोत हे दगडात कोरून सांगावं लागलं. पण त्याच दगडावर तिने यज्ञांचा आणि दानाचा सगळा हिशेबही मांडला. एका यज्ञाला बारा गायी आणि एक घोडा, दुसऱ्याला १,७०० गायी आणि दहा हत्ती, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. कार्षापण म्हणजे तेव्हाचं नाणं. एवढ्या गायी कोणाच्या गोठ्यातून आल्या, त्यांचं शेण कोणी काढलं, ते मात्र लेखात नाही.

हा हिशेब आज फार मोलाचा ठरला आहे, कारण त्यात आकडे आहेत. भारतातल्या सर्वात जुन्या अंकचिन्हांपैकी काही इथे सापडतात. तेव्हा शून्य लावून दहा, शंभर लिहायची पद्धत नव्हती. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. १८२८ साली विल्यम साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हा लेख पाहिला आणि त्याची माहिती बाहेर गेली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या आकड्यांचा बारकाईने अभ्यास केला. गुहेत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, नागनिकेचीही होती. आज मूर्ती नाहीत. वरची नावं आणि काही पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत.

गुहेपासून थोडं पुढे मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, म्हणून नाणेघाट, असं सांगतात. हे लोकांच्या तोंडचं, लेखातलं नव्हे. रांजण मात्र खरा आहे, आणि वाटेवर पाण्याची कोरलेली टाकीही आहेत. ओझं घेऊन चढणाऱ्याला नाण्यापेक्षा त्या टाक्यांची किंमत जास्त वाटली असणार.

नंतरच्या काळात मीठ आणि सुकी मासळी वर जायची, धान्य आणि गूळ खाली यायचा. लमाणांचे बैलतांडे चालायचे. तांड्यात बायाही असायच्या, लेकरू पाठीशी आणि चूल सामानात. त्यांचं नाव कुठल्याच खडकावर नाही.

मग रेल्वे आली. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली, १८६३ मध्ये बोरघाट चढली आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला गेली. बोरघाटात हजारो मजूर कॉलऱ्याने, तापाने आणि अपघातांनी मेले. मजुरांत बायाही होत्या, डोक्यावर माती वाहणाऱ्या. १८५९ मध्ये काम घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येताच आजारी पडून वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही. इंजिनियर हाताशी धरून तिने काम पुरं करून घेतलं. तिचं नाव कागदावर तरी राहिलं. गाडी सुरू झाली तसा नाणेघाट ओस पडत गेला. जी वाट राज्याची नस होती ती गुराख्यांची आणि माथ्यावरच्या घाटघरच्या लोकांची पायवाट झाली.

आता या वाटांवर शनिवार-रविवारी शहरातली मुलं पाठीवर पिशव्या लावून येतात. कसारा घाटात सायकलवाले दिसतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा शौक परदेशातही जुना आहे. फ्रान्समध्ये डोंगरातल्या खिंडी सायकलने चढायला लोक लांबून येतात. १९०२ मध्ये तिथल्या तुरमाले नावाच्या उंच खिंडीतल्या सायकल-चाचणीत मार्थ हेस नावाची बाई खाली न उतरता चढून गेली होती. तरी पुरुषांची मोठी शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली आणि बायकांची तशी शर्यत यायला १९८४ उजाडलं. तीही पुढे बंद पडली आणि २०२२ मध्ये नव्याने सुरू झाली.

आम्ही गटात नाणेघाटाची सहल काढायचं म्हटलं तेव्हा घराघरांतून एकच प्रश्न आला: तिथे काम काय तुमचं? डोक्यावर मोळी असती तर कोणी विचारलं नसतं. आम्ही उत्तर दिलं, आमच्या एका बाईचा हिशेब तिथे लिहिला आहे, तो बघायला जातोय.

जायचं असेल तर कल्याणहून नगरकडे जाणारी एसटी धरा आणि मुरबाड, टोकावडे मागे टाकून वैशाखरेच्या पुढे उतरा. तिथून पायवाट जंगलातून चढते आणि शेवटी दगडी पायऱ्यांच्या अरुंद खिंडीत शिरते. पावसाळ्यात निसरडं असतं, गर्दीही फार. दिवाळीनंतर जा. पाणी आणि भाकरी घरूनच घ्या. लेखावर हात फिरवू नका, अक्षरं आधीच झिजली आहेत. सकाळी लवकर निघालं की दुपारपर्यंत माथ्यावर, आणि परतीच्या एसटीची वेळ चढण्याआधीच विचारून ठेवा.