एका खाडीचे दोन भाव

एकच व्हिडिओ गेम स्टीमच्या ऑनलाइन दुकानात भारतात एका किमतीला आणि अमेरिकेत दुसऱ्या किमतीला मिळतो, याचे नवल निदान सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला तरी वाटू नये. एकोणिसाव्या शतकात तिथे मिठाचे असेच दोन भाव होते. शिरोड्याची मिठागरे ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होती, तर तेरेखोलच्या खाडीपलीकडे पेडण्यातल्या आगरवाड्याची पोर्तुगीज अमलात. समुद्र तोच, ऊन तेच, मीठ पिकवायची रीतही तीच. पण 1878 च्या सुमारास मुंबई इलाख्यात मणामागे, म्हणजे सुमारे 37 किलोंमागे, अडीच रुपयांच्या घरात कर होता आणि त्यापुढे पिकवण्याचा खर्च किरकोळ होता. गोव्याचे मीठ त्या मानाने स्वस्त, त्यामुळे ते चोरून अलीकडे येणारच. त्याला आळा घालायचा तर नाके आणि शिपाई पोसावे लागत.

ब्रिटिशांनी यावर काढलेला तोडगा नीट पाहण्यासारखा आहे. 26 डिसेंबर 1878 रोजी पोर्तुगालशी करार झाला आणि 1880 पासून तो अमलात आला. दोन्ही हद्दींतली जकात एक झाली, गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिश अधिकाऱ्यांची देखरेख आली आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये ठरले. भाव सारखे झाले, पण अलीकडचे मीठ स्वस्त होऊन नव्हे, तर पलीकडचे महाग होऊन. चार लाख गेले सरकारी तिजोरीत, वाढीव भाव पडला गोव्यातल्या गरिबाच्या चुलीवर. माझे म्हणणे एवढेच, की सोय विकणाऱ्याची असेल तेव्हा समानता बहुधा वरच्या भावाला येते.

कोणी म्हणेल, मीठ आणि गेम यांची तुलना कशी? मिठावर सरकारचा कर होता, गेमची किंमत कंपनी ठरवते. खरे आहे, पण दोन्हीकडे उत्पादनाचा खर्च भावाचे कारण नाही, गिऱ्हाइकांना वेगवेगळे ठेवण्याची ताकद हे कारण आहे. नाक्याची जागा आता खात्याला जोडलेल्या देशाने आणि तिथल्या बँक कार्डाने घेतली आहे. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातले स्वस्त भाव परदेशी खेळाडूही खोटा पत्ता देऊन मिळवत. नोव्हेंबर 2023 मध्ये स्टीमने दोन्हीकडे स्थानिक चलन बंद करून डॉलरमध्ये भाव लावले. कारण दिले चलनाच्या चढउताराचे, तेही खोटे नव्हते. तरी कित्येक गेम स्थानिकांना एका रात्रीत अनेक पटींनी महाग झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गळती होत असेल तर दोन भाव टिकतील कसे? टिकतात. 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि गोव्यात पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरले. हद्दीअलीकडच्या बांदा-सातार्ड्याच्या गाड्या तिकडे टाकी भरू लागल्या म्हणून गोव्याने भाव लगेच महाराष्ट्राएवढा केला नाही. थोडी गळती सोसणे हाही एक हिशेब असतो.

1878 चा करार 1892 च्या जानेवारीत संपला, जकातीची हद्द पुन्हा आखली गेली. समानतेची दुसरी वाट, म्हणजे महाग भावच खाली आणायची, शिरोड्याच्या मिठागरांवर मे 1930 मध्ये सत्याग्रहींनी मागितली. मिठावरचा तो कर उठायला 1947 साल उजाडले.