दार उघडं ठेवणारी आई

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : आईवडिलांची श्रद्धा घट्ट असेल, तर वयात येणाऱ्या मुलांना स्वतःचं काही ठरवता येतं का? या प्रश्नासाठी मी आज तुम्हाला पंडिता रमाबाईंकडे नेणार आहे.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करू. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्या काळी हे अगदीच जगावेगळं होतं. थोरल्या मुलीच्या लहानपणीच्या लग्नाचा वाईट अनुभव आल्यावर त्यांनी धाकट्या रमेचं लग्न लवकर लावलंच नाही. पुढे 1880 मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आपल्या मर्जीने लग्न केलं. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि 1882 मध्ये पती गेले.

1883 मध्ये दोन वर्षांच्या मनूला घेऊन रमाबाई इंग्लंडला वाँटेजच्या मठात पोचल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघींचा बाप्तिस्मा झाला. आता सगळं सरळ झालं असेल ना? छे! सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांचा पत्रांतून वाद सुरू झाला. स्वतःला न पटलेली शिकवण बाई मान्य करेनात, आणि मनूला काय शिकवायचं हेही आपणच ठरवणार म्हणाल्या. मुलीने आपल्या देशाच्या माणसांतली एक होऊन राहावं, त्यांच्याहून वरचढ समजू नये, हा त्यांचा हट्ट होता. म्हणजे बघा, ख्रिस्ती व्हायचं, पण डोकं गहाण ठेवायचं नाही.

11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथल्या मुली कोण? बऱ्याचशा बालविधवा. 1891 च्या कायद्याने संमतिवय 10 वरून 12 झालं, तेव्हाही केवढा गदारोळ झाला होता! अशा काळात या मुलींना 'तुला काय वाटतं?' असं कोण विचारणार? सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. ज्याने त्याने आपापले आचार पाळावेत अशी सोय होती.

पण रमाबाई आपल्या खोलीत मनूसोबत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. यायचं तर या, नाहीतर नका येऊ. मुली येऊ लागल्या. 1893 मध्ये पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे मला दोन्ही बाजूंचं पटतं. जिला घरच्यांनी नाकारलंय आणि जिला बाईंनी जेवू घातलंय, शिकवलंय, तिची निवड किती मोकळी? टीकाकारांच्या या प्रश्नात दम होता. पण दुसरीकडे गोदूबाई बघा. सदनातली ही विधवा शिकली, त्याच 1893 मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि हिंदूच राहिली. दार आत यायला उघडं होतं, तसं बाहेर जायलाही उघडं होतं.

माझ्या मते खरी कसोटी हीच. पोराने आपल्यासारखं निवडलं म्हणून कुणाचं पालकत्व मोठं ठरत नाही. वेगळं निवडल्यावरही त्याच्यासाठी घर उरतं का, हे बघायचं. पुढे केडगावला मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती झालं. मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकून परत आली आणि आईच्या कामात उभी राहिली. ती आईच्या छायेत वाढली, हे खरंच. पण जग पाहून, तुलना करून परतणं आणि दुसरं काही ठाऊकच नसल्यामुळे थांबणं, यात फरक आहे.

1921 मध्ये मनोरमा गेली, अवघी 40 वर्षांची. वर्षभराच्या आत, 5 एप्रिल 1922 ला रमाबाईही गेल्या.

तर मंडळी, घरी श्रद्धेवरून वाद होत असतील, तर एकदा आईबाबांना विचारा : तुम्ही आमच्या वयाचे असताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का? उत्तर आलं, तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!