दर्शक ते तणनाशक: पॅराक्वाटच्या मागाची कुळकथा

तणनाशकाचे विघटन विद्युत्-रसायनाने मोजण्याच्या पद्धतीचे मूळ सहसा प्रागमध्ये दाखवले जाते. यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये गळत्या पाऱ्याच्या थेंबाचा इलेक्ट्रोड करून विभव आणि प्रवाह यांचा आलेख मिळवला. पोलॅरोग्राफी नावाच्या या तंत्रासाठी त्यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पॅराक्वाटपुरती मात्र ही वंशावळ अपुरी आहे. हे रसायन शेतात येण्याआधीच विद्युत्-रसायनाच्या प्रयोगशाळेत नांदत होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील लिओनोर मायकेलिस आणि एडगर हिल यांनी १९३३ मध्ये व्हायोलोजेन दर्शकांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांतल्या मिथाइल व्हायोलोजेनला एक इलेक्ट्रॉन मिळाला, की रंगहीन द्रावण गर्द निळे-जांभळे होते. त्यासाठी लागणारा विभव सुमारे −४४६ मिलिव्होल्ट. हेच संयुग इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने १९६२ मध्ये पॅराक्वाट म्हणून बाजारात आणले. त्याचा तणनाशक गुण तिच्या जेलॉट्स हिल येथील केंद्रात १९५५ च्या सुमारास उघड झाला होता.

ही गाठ योगायोगाची, असा आक्षेप घेता येतो. कारण तणनाशके हाती लागतात ती शेकडो संयुगांच्या चाचण्यांतून. पण चाचणीत पॅराक्वाट टिकले कशामुळे, याचे उत्तर त्या विभवातच आहे. हरितलवकातील प्रकाशप्रणाली-१ कडून ते इलेक्ट्रॉन घेते आणि लगेच ऑक्सिजनला देते. त्यातून निघालेले सुपरऑक्साइड आणि पुढची विषारी रूपे पेशींची पटले फाडतात. दर्शकाचा गुण आणि तण मारण्याचा गुण एकच ठरतो.

माग काढण्याचे सूत्रही हेच. पॅराक्वाटच्या द्रावणात संतृप्त कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या तुलनेत −०.७ व्होल्टजवळ प्रवाहाची लाट उठते. तिची उंची संहतीच्या प्रमाणात असते. अतिनील प्रकाशात रेणूतील दोन कड्यांपैकी एक फुटते आणि एककडी पिरिडिनियम आम्ल उरते. त्याचे क्षपण अधिक ऋण विभवाला होत असल्याने मूळ लाट खचत जाते.

तरी लाट खचली म्हणजे विघटन झालेच, असे नाही. चिकणमातीचे थर पॅराक्वाटचा धन आयन घट्ट धरून ठेवतात, तेव्हाही पाण्यातली लाट नाहीशी होते आणि रेणू मात्र मातीत शाबूत राहतो. म्हणून मातीतले पॅराक्वाट तीव्र आम्लाने सोडवून मोजावे लागते आणि विघटनातून आलेल्या पदार्थाचाही स्वतंत्र शोध घ्यावा लागतो. पुढे स्पंद-पोलॅरोग्राफीने संवेदनशीलता वाढवली आणि पाऱ्याची जागा बऱ्याच अंशी कार्बन इलेक्ट्रोडने घेतली. दोन पुराव्यांचा हा नियम मात्र कायम राहिला.