नियम आणि कथा : संगणक-नीतिशास्त्राच्या अध्यापनातील विज्ञानकथा

संगणकाच्या व्यवसायात नीतिविचार आला तो प्रामुख्याने संहितेच्या रूपाने. अमेरिकेतील 'असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी' या संस्थेने १९७२ मध्ये आचारसंहिता स्वीकारली; १९९२ आणि २०१८ मध्ये तिची नव्याने मांडणी झाली. दरम्यान, १९८५ मध्ये जेम्स मूर या तत्त्वज्ञाने एका मूलभूत अडचणीकडे लक्ष वेधले होते. संगणकामुळे माणसाला नव्या कृती शक्य होतात. परंतु त्या कृतींविषयीचे धोरण पुष्कळदा अस्तित्वातच नसते. जेथे नियम नाही तेथे कसे वागावे, हे नियमावली शिकवू शकत नाही. अध्यापनात कथेची गरज भासते ती या ठिकाणी.

या दृष्टीने आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'रनअराउंड' (१९४२) या कथेच्या स्वीकाराचा इतिहास उद्बोधक आहे. यंत्रमानवाचे तीन नियम तीत प्रथम स्पष्टपणे मांडले गेले. पुढे ते कथेपासून सुटे झाले आणि अभियांत्रिकीची सूत्रे असावीत तसे उद्धृत होऊ लागले. कथा मात्र त्या नियमांच्या कोंडीची आहे. बुध ग्रहावर सेलेनियम आणण्यासाठी पाठविलेला यंत्रमानव आज्ञापालन आणि आत्मरक्षण या दोन नियमांच्या ताणात सापडतो व सेलेनियमच्या साठ्याभोवती घिरट्या घालीत राहतो. आज्ञा सहजगत्या, विशेष जोर न देता दिलेली असते. यंत्र महागडे असल्यामुळे आत्मरक्षणाचा नियम अधिक बळकट केलेला असतो. म्हणजे पेच नियमांइतकाच आज्ञेच्या स्वरात आणि किमतीच्या हिशेबातही आहे. नियम उचलून कथा टाकून देणाऱ्या वाचनात नेमके हेच निसटते.

इमॅन्युएल बर्टन, ज्यूडी गोल्डस्मिथ आणि निकोलस मॅटेई यांनी २०१८ मध्ये याच संस्थेच्या मासिकात विज्ञानकथेद्वारे संगणक-नीतिशास्त्र शिकविण्याची भूमिका मांडली. या तिघांसह पाच लेखकांचे पाठ्यपुस्तक एमआयटी प्रेसने २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात नीतिशास्त्रीय विवेचनाच्या जोडीला कथाही दिल्या आहेत. विद्यार्थ्यासमोर गोषवारा न ठेवता संहिताच ठेवण्याचा हा निर्णय वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचा आहे.

विज्ञानकथा हे विज्ञानप्रसाराचे साधन की साहित्य, हा वाद मराठी समीक्षेला परिचित आहे. विज्ञानाच्या जागी नीती आणल्याने तो मिटत नाही. तात्पर्य काढून घेतले की कथा पुन्हा आचारसंहितेचे एक कलम होऊन बसते. कोणता नियम मोडला, हे संगणकाचा विद्यार्थी विचारीलच. आज्ञा कोणी, कोणत्या स्वरात दिली आणि यंत्राची किंमत कोणी ठरविली, हे विचारण्याची सवय त्याला साहित्याच्या वाचनानेच लागू शकेल.